डिस्कला तिच्या खऱ्या नावाने ओळख

अगं, ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरला दुसरी डिस्क लावलीस, छान केलंस. पण रीबूट करण्याआधी, कुठली डिस्क कुठे माउंट करायची ते सांगणारी ती एफएसटॅबची फाइल उघड बघू. बॅकअपच्या ओळीत 'एसडीबी१' लिहिलंयस ना? तेवढं बदल.

एसडीए, एसडीबी ही डिस्कची कायमची नावं नव्हेत गं. बूट होताना कर्नलला जी आधी सापडली ती एसडीए, पुढची एसडीबी; पंगतीत आधी आला त्याचं पहिलं पान, तसं. शोध एकाच वेळी अनेक ठिकाणी चालतो, त्यामुळे क्रम दर वेळी तोच येईल याची हमी नाही. कोणी पेनड्राइव्ह विसरून गेलं, तरी आजची एसडीबी उद्या एसडीसी होऊ शकते. एनव्हीएमई डिस्क आहे म्हणूनही निर्धास्त राहू नकोस, त्यांचे आकडेही असेच मागेपुढे होतात.

त्यापेक्षा यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टीमचा ओळखक्रमांक लिही. फाइलसिस्टीम बनते तेव्हाच तो तिच्यात नोंदला जातो. केबल कुठल्याही पोर्टला लाव, तो तोच राहतो. 'एलएसबीएलके -एफ' दिलंस की दिसेल. ३६ अक्षरांचा असतो, हाताने टाइप करत बसू नकोस, कॉपी कर. मात्र पुन्हा फॉरमॅट केलंस की तो नवा होतो. आणि 'डीडी'ने हुबेहूब नक्कल काढलीस, तर दोन डिस्कचा यूयूआयडी एकच! त्या दोघी एका मशीनला एकदम लावू नकोस.

काही पुसायचं असेल तेव्हा 'बाय-आयडी' फोल्डरमधलं नाव घे. त्यात मॉडेल आणि सिरियल नंबर असतो, तो डिस्कवरच्या स्टिकरशी ताडून बघ.

एफएसटॅबमधल्या बॅकअपच्या ओळीत 'नोफेल' हा पर्यायही टाक. नाहीतर डिस्क सापडली नाही की सिस्टीमडी साधारण ९० सेकंद वाट बघणार आणि तुला इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडणार. पण नोफेलचीही एक खोड आहे. डिस्क नसली तरी सर्व्हर सुरू होतो, बॅकअपची स्क्रिप्ट रिकाम्या फोल्डरमध्येच लिहीत सुटते आणि मुख्य डिस्क भरते. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच 'माउंटपॉइंट' कमांडने तपासून घे.

आता बॅकअपची डिस्क अनमाउंट कर आणि 'माउंट -ए' दे. अनमाउंट विसरू नकोस हं. आधीच माउंट असलेल्या डिस्ककडे ही कमांड बघतच नाही आणि ओळ चुकलेली असली तरी तुला वाटतं, सगळं ठीक आहे. डिस्क आपल्या जागी आली, की मग खुशाल रीबूट कर.