चिरा भाराने खचत नाही

पावस-पूर्णगड पट्ट्यात घरं बांधून घेताना बांधकाम साहित्याकडे बघायची जी नजर आली, ती इथे मांडतो. प्रयोगशाळा हवीच, पण निम्मी परीक्षा खाणीवर आणि बालदीपाशीच होते.

१. चिरा वाजवून घ्यावा. चिरा म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा. हातोडीने ठोकल्यावर घट्ट जांभा खणखणतो. आत मातीची भोकं असली की बद्द वाजतो. हल्ली यंत्राने कापलेला चिरा चारही बाजूंनी देखणा दिसतो, त्यामुळे डोळे हमखास फसतात. शिवाय ताजा कापलेला चिरा मऊ असतो, वाऱ्या-उन्हात तो कडक होत जातो. ट्रकमधून थेट भिंतीत लावायची घाई नको.

२. भाराची धास्ती नको. भारतीय मानक ३६२० चिऱ्याकडून दर चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन ताकद मागतं. तीन मीटर उंच चिरेबंदी भिंतीच्या स्वतःच्या वजनाने तळाच्या चिऱ्यावर येणारा दाब जेमतेम ०.०६ न्यूटन. वर स्लॅब आणि आणखी एक मजला आला तरी बरंच अंतर उरतं.

३. पाण्याची धास्ती मात्र बाळगावी. मे महिन्यात उन्हात खडखडीत वाळलेला चिरा तोलावा, २४ तास पाण्यात बुडवावा, पुसून पुन्हा तोलावा. वजन १२ टक्क्यांपेक्षा जास्त वाढता कामा नये. म्हणजे ३० किलोंच्या चिऱ्याने फार तर ३.६ किलो पाणी प्यावं. काँक्रीटच्या भार पेलणाऱ्या पोकळ ब्लॉकला मर्यादा १० टक्क्यांची. त्याहून तहानलेला ब्लॉक आमच्या पावसाळ्यात आतल्या गिलाव्याला ओल आणतोच.

४. खाडीची वाळू स्वस्त पडते आणि सळई खाते. मिठातलं क्लोराइड लोखंडाला गंज चढवतं, गंज फुगतो आणि स्लॅबचे पापुद्रे खाली येतात. वाळू डिस्टिल्ड पाण्यात खळबळून त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले आणि पाणी दुधाळ झालं, तर तो ढीग परत पाठवावा. खाडीकाठच्या मचूळ विहिरीचं पाणीही तपासूनच वापरावं. सळईच्या काँक्रीटसाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. काँक्रीटच्या चाचणीचा क्यूब मात्र अशा वाळूचाही झकास पास होतो! तो फक्त दाब सांगतो, दहा वर्षांनी सळईचं काय होणार ते सांगत नाही.

५. खरी लढाई बालदीशी. किनाऱ्यावरच्या उघड्या बांधकामाला मानक ४५६ (सन २०००) किमान एम-३० काँक्रीट, सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर आणि पाणी-सिमेंटचं प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ सांगतं. म्हणजे ५० किलोंच्या गोणीला साडेबावीस लिटर पाणी. पावसात भिजलेल्या वाळूतूनच त्यातलं चार-पाच लिटर येतं, पण मिस्त्रीची बालदी तीच राहते. “पाणी कमी पडलं तर माल सरकायचा कसा?” हा त्याचा प्रश्न खोटा नाही. त्याला उत्तर प्लास्टिसायझर आणि व्हायब्रेटर. आणखी एक बालदी नव्हे. स्लम्पचा शंकू ३० सेंटिमीटर उंच असतो. तो उचलल्यावर माल किती बसला, ते मी प्रत्येक ओतणीला बघतो.

६. सिमेंटच्या गोणीवर छापलेला आठवडा आणि वर्ष वाचावं. इथल्या दमट हवेत जुनी गोणी गाठी धरते.

७. क्यूब स्वतःसमोर भरून घ्यावेत. दीडशे मिलिमीटरच्या क्यूबने एम-३० साठी २८ दिवसांनी सुमारे ६९ टन सोसायला हवेत. सात दिवसांनी त्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. पहिले २४ तास साचा हलवू नये, नंतर क्यूब काढून पाण्यात ठेवावा आणि रत्नागिरीला प्रयोगशाळेत नेताना ओल्या गोणपाटात गुंडाळावा. एका नमुन्याच्या तीन क्यूबांपैकी एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त सरकला, तर तो नमुना ग्राह्य धरत नाहीत. आणि तिन्ही क्यूब दर वेळी फारच उत्तम येत असतील, तर साचा भरताना सिमेंटची मूठ कोण सैल सोडतं ते बघावं. माल मिक्सरच्या मधल्या धारेतून घ्यावा, मिस्त्रीने बाजूला काढून ठेवलेल्या घमेल्यातून नाही.