शिक्षक, समाजकार्यकर्ता आणि कुरणशाळा

माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी यायची थांबली. मी गैरहजेरी मांडत राहिले. कारण शोधणे हे समाजकार्यकर्त्याचे काम, असे मी धरून चालले होते. ती परतलीच नाही.

शिक्षक अभ्यास पाहतो, समाजकार्यकर्ता अडचण. जर्मनीत रुजलेले सामाजिक शिक्षणशास्त्र हे दोन्ही एकत्र पाहते: माणूस जिथे, जसा जगतो, तिथूनच त्याचे शिक्षण सुरू करायचे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे बालशिक्षणकार्य १९४५ साली बोर्डीत सुरू झाले व १९५७ मध्ये कोसबाडला गेले. तिथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. ‘मूल का येत नाही?’ हा प्रश्न त्यांनी शिक्षिकेचाच मानला. आता हजेरी घेताना तो मीही विचारते.