न पाहिलेल्या कुलपाची किल्ली

भाकरीचा घास बराच वेळ चावला की तो गोडसर लागतो, हे तुम्ही अनुभवले असेलच. लाळेतील अमायलेज हे एंझाइम पिठातील स्टार्चचे शर्करेत रूपांतर करते म्हणून असे होते. एंझाइमांना आपण मराठीत विकरे म्हणतो. विकराच्या रेणूला एक खाच असते आणि तिच्यात ठरावीक आकाराचाच रेणू बसतो. १८९४ साली एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने याला कुलूप-किल्लीची उपमा दिली.

एखादे विकर नको असलेला पदार्थ तयार करीत असेल, तर त्याच्या खाचेत दुसराच रेणू अडकवून ते बंद पाडता येईल का? पुष्कळ औषधे याच तत्त्वावर काम करतात. त्यांपैकी कॅप्टोप्रिल या रक्तदाबावरील औषधाची हकीकत पाहू.

आपल्या रक्तात अँजिओटेन्सिन-१ ही १० ॲमिनो अम्लांची साखळी असते. ए.सी.ई. नावाचे विकर तिच्या टोकाची २ अम्ले कापून टाकते. उरलेली ८ अम्लांची साखळी म्हणजे अँजिओटेन्सिन-२. ती रक्तवाहिन्या आकुंचित करते व रक्तदाब वाढवते. हेच विकर ब्रॅडिकायनिन या दुसऱ्या द्रव्याचेही तुकडे करते. ब्रॅडिकायनिनमुळे रक्तवाहिन्या सैल होतात. म्हणजे हे विकर दोन्ही बाजूंनी रक्तदाब वाढवते!

या विकराला अडवणारा पदार्थ सापडला तो सापाच्या विषात. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आढळतो. त्याच्या विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारा घटक आहे, असे १९६५ साली सेर्जिओ फेरेइरा यांनी दाखवले. हा घटक घेऊन ते लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे १९६८ साली वाय. एस. बखले यांना दिसले की, तो ए.सी.ई.चे काम थांबवतो.

पुढे विषातील अशीच ९ ॲमिनो अम्लांची एक साखळी प्रयोगशाळेत तयार करण्यात आली. तिने रुग्णांचा रक्तदाब उतरला. पण ती टोचूनच द्यावी लागे. गिळली तर पोटातील पाचक विकरे तिचे तुकडे करणार! उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला तर वर्षानुवर्षे औषध घ्यावे लागते. रोज सुई कोण टोचून घेणार? गोळी हवी, तर रेणू लहान हवा.

अमेरिकेतील स्क्विब या औषध कंपनीत डेव्हिड कुशमन व मिगेल ओंडेटी या प्रश्नावर काम करीत होते. अडचण अशी की, ए.सी.ई.ची खाच कोणीच पाहिलेली नव्हती. मग त्यांनी तर्क केला. स्वादुपिंडातील कार्बोक्सिपेप्टिडेज-ए या विकराची रचना ठाऊक होती. त्याच्या खाचेत जस्ताचा अणू असतो आणि ते साखळीच्या टोकाचे १ अम्ल कापते. ए.सी.ई. २ अम्ले कापते. तेव्हा त्याची खाचही तशीच, फक्त एका अम्लाएवढी अधिक लांब असावी! सापाच्या विषातील साखळ्यांच्या टोकाला प्रोलीन हे अम्ल होते. म्हणून नव्या रेणूच्या टोकालाही त्यांनी प्रोलीन ठेवले.

पहिला रेणू खाचेत बसला, पण पकड ढिली होती. मग जस्ताला धरणाऱ्या टोकाशी त्यांनी गंधकाचा अणू असलेला गट जोडला. परिणाम सुमारे हजारपटींनी वाढला! १९७५ साली कॅप्टोप्रिल तयार झाले. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याच्या वापरास मान्यता मिळाली.

आणि ते न पाहिलेले कुलूप? २००३ साली इंग्लंडमधील बाथ विद्यापीठातील आर. नटेश, के. आर. आचार्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मानवी ए.सी.ई.ची रचना उलगडली. खाचेत जस्ताचा अणू होता. मात्र एकूण घडण कार्बोक्सिपेप्टिडेजपेक्षा बरीच निराळी निघाली. तर्क सर्वस्वी अचूक नव्हता, तरी कामापुरता बरोबर होता.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. या गटातील औषधांनी काही रुग्णांना कोरडा खोकला येतो. शरीरात साचणारे ब्रॅडिकायनिन हे त्याचे एक कारण मानतात. मग ब्रॅडिकायनिनला धक्का न लावता रक्तदाब उतरवायचा, तर अडथळा कोठे आणावा? वर्गात चर्चा करा आणि मगच पुढे वाचा.

उत्तर : अँजिओटेन्सिन-२ रक्तवाहिनीच्या पेशींवरील ज्या ग्राहीवर बसते, तेथे. लोसार्टन हे औषध हेच करते. अमेरिकेत त्याला १९९५ मध्ये मान्यता मिळाली.