मेंढा गावाची ग्रामसभा

गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनांनी व्यापलेला आहे. या जिल्ह्यात गोंड, माडिया, परधान असे अनेक समाज राहतात आणि मराठीबरोबरच गोंडी, माडिया, छत्तीसगढी, तेलुगू व बंगाली या भाषाही कानी पडतात. गडचिरोलीहून पूर्वेस धानोऱ्याकडे जाऊ लागले, की सुमारे ३० किलोमीटरवर मेंढा नावाचे एक लहानसे खेडे लागते. शेजारीच लेखा हे गाव असल्यामुळे लोक त्यास 'मेंढा-लेखा' असे म्हणतात. गावाची वस्ती जेमतेम पाचशेच्या घरात असून ती सर्व गोंडांची आहे. घरात गोंडी बोलावी आणि शाळेत मराठी शिकावी, असा येथील मुलांचा परिपाठ आहे.

भाताची शेती हा येथील मुख्य व्यवसाय; परंतु केवळ शेतीवर कोणाचेही वर्ष निघत नाही. उन्हाळ्यात मोहफुले वेचावी, तेंदूची पाने तोडावी, चारोळी, हिरडा, डिंक व मध गोळा करावा आणि घराचे कूड, टोपल्या, सुपे व कुंपणे यांसाठी बांबू आणावा, असा वनावर अवलंबून असलेला हा संसार आहे. गावाभोवतीचे सुमारे १,८०० हेक्टर वन हेच मेंढ्याचे खरे धन होय.

हे वन पूर्वी जमीनदारीत होते. त्या काळी हा मुलूख मध्य प्रदेशात मोडत असे. १९५१ साली तेथील जमीनदारी नष्ट झाली व वनाची मालकी सरकारकडे आली. गावकऱ्यांना आपल्या गरजेपुरते लाकूडफाटा नेण्याचे 'निस्तार हक्क' होते खरे. परंतु वनात काय तोडावे, किती तोडावे आणि कोणास द्यावे, हे ठरविण्याचा अधिकार त्यांना उरला नाही. बांबू तर कागदाच्या कारखान्यांना भाडेपट्ट्याने दिला जाई. ज्याच्या दारात बांबूची बेटे, त्यालाच बांबू नेण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागे.

१९८० नंतरच्या दशकात इंद्रावती व गोदावरी या नद्यांवर भोपालपट्टणम व इचमपल्ली येथे मोठी धरणे बांधण्याचे घाटत होते. त्यांत पुष्कळ वने व गावे बुडाली असती. त्या योजनांविरुद्ध जी चळवळ उभी राहिली, तिच्यातून या भागातील लोक एकत्र बसून विचार करू लागले. मेंढ्याचे देवाजी तोफा हे त्यांपैकीच एक. याच सुमारास गावाने आपले जुने गोटूल पुन्हा उभारले. गोटूल म्हणजे गोंडांच्या तरुण मुलामुलींनी एकत्र जमण्याचे, शिकण्याचे व नाचगाण्याचे घर. त्यासाठी वनातील सागाचे लाकूड वापरले म्हणून वनखात्याने ते उतरविले. तेव्हा भोवतालची गावेही मेंढ्याच्या पाठीशी उभी राहिली, आणि गोटूल पुन्हा उभे राहिले.

मेंढा हे लेखा येथील गट-ग्रामपंचायतीत मोडत असे. ग्रामपंचायतीत निवडून आलेले थोडे सदस्य असतात. ग्रामसभेत मात्र गावातील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुष असतो. मेंढ्याने भर दिला तो या ग्रामसभेवर. तेथे मते मोजून निर्णय होत नाही. सर्वांची संमती झाल्याविना ठराव होत नाही. एकाही माणसास तो पटला नाही, तर विषय पुढच्या बैठकीपर्यंत ठेवावयाचा आणि त्याच्याशी पुन्हा बोलावयाचे! दारूबंदीचा प्रश्न असाच पुनःपुन्हा चर्चेस आला. स्त्रियांनी तो लावून धरला आणि अखेर सर्वांची संमती मिळाली. ही रीत संथ आहे, यात शंका नाही. घाईच्या माणसास ती कंटाळवाणीही वाटेल. परंतु ज्या निर्णयास आपण स्वतः होकार दिला, तो मोडण्यास मन धजत नाही.

निर्णय घ्यावयाचा तर माहिती हवी. म्हणून गावात 'अभ्यास गट' सुरू झाला. येथे ठराव करावयाचा नसतो. केवळ समजून घ्यावयाचे असते. कायद्याची कलमे, वनाचे नकाशे, मधमाश्यांना इजा न करता मध कसा काढावा, असे नाना विषय तेथे निघत. बाहेरचे जाणकारही येऊन बसत. मात्र निर्णयाच्या वेळी बोलावयाचे ते गावानेच.

हा अभ्यास पुढे फार उपयोगी पडला. २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला. त्यान्वये गावाला आपल्या परिसरातील वनाचे रक्षण व उपयोग करण्याचा सामूहिक हक्क मागता येऊ लागला. मेंढ्याने आपली कागदपत्रे जुळविली आणि २००९ साली तो हक्क मिळविला. देशात असा हक्क मिळविणाऱ्या अगदी पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते.

तरीही एक अडचण उरलीच. बांबू हा वनस्पतिशास्त्राप्रमाणे गवताचा प्रकार. पण १९२७ च्या वन कायद्याने त्याची गणना वृक्षांत केली होती. नव्या कायद्याने बांबू गौण वनोपज ठरविला, म्हणजे तो गावाचा झाला. परंतु गावाबाहेर विकण्यास नेण्यासाठी वाहतुकीचा परवाना लागे, आणि परवान्याचे पुस्तक होते वनखात्याकडे! हक्क हाती असून माल दारातच पडून राहावा, अशी ही स्थिती होती. गावाने पत्रे लिहिली, कायद्याची कलमे दाखविली आणि आपला आग्रह सोडला नाही.

२७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि राज्याचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यास आले. त्यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. तेव्हापासून गावाचा बांबू ग्रामसभेच्याच परवान्याने बाहेर जाऊ लागला. अधिकाराबरोबर जबाबदारीही आली. बेटातील त्या वर्षीचे कोवळे कोंब तोडले, तर बेट खुरटते; म्हणून पक्व बांबूच तोडावयाचा असतो. त्यावर देखरेख ठेवणे, मजुरी चुकती करणे आणि हिशेब सर्वांपुढे मांडणे, हे आता गावाचेच काम झाले.

पुढे २०१३ साली गावाने आणखी एक निर्णय घेतला. विनोबांच्या ग्रामदान चळवळीतून महाराष्ट्रात १९६४ साली ग्रामदानाचा कायदा झाला होता. त्या कायद्याप्रमाणे आपापल्या शेतजमिनींची मालकी गावाच्या नावे करण्याचे मेंढ्याने ठरविले. शेत कसावयाचे ते ज्याचे त्यानेच, आणि ते वारसाने जावयाचे त्याच्याच मुलांकडे. मात्र गावाबाहेरच्या माणसास ते विकता यावयाचे नाही. घरच्या जमिनीचा प्रश्न म्हटला की सख्खे भाऊही दुरावतात. येथे तर सारा गाव होता. तेव्हा याही विषयावर, नेहमीप्रमाणे, पुष्कळ दिवस बोलणे चालले.