घास अडकतो तेव्हा

‘हल्ली भाकरी सोडली, भातच बरा वाटतो,’ असे साठीचे गृहस्थ सहज सांगून जातात. रक्तदाबाची गोळी लिहून घेण्यासाठी ते आलेले असतात आणि दवाखान्यातील गर्दीत ते वाक्य आपल्याही कानांवरून निघून जाते. गिळण्याच्या त्रासाचे, म्हणजे ‘डिसफेजिया’चे, निदान लांबते ते बहुधा इथेच. अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची व लवचिक असते. तिचा मार्ग साधारण १३ मिलिमीटरपेक्षा अरुंद झाल्यावरच घट्ट घास नेहमी अडकू लागतो. रुग्ण मग भाकरी दुधात कुस्करतो, पुढे मऊ भातावर येतो, शेवटी पेजेवर. प्रत्येक टप्प्यावर त्याला ‘जमते आहे’ असेच वाटत असते.

म्हणून विचारावयाचा पहिला प्रश्न हा, की प्रथम काय अडकले? आधी घट्ट अन्न आणि काही आठवड्यांनी पातळ पदार्थ, असा क्रम असेल तर मार्गात अडथळा आहे असे समजावे. वजन घटत असेल व तंबाखू, मद्य यांची सवय असेल, तर कर्करोगाची शक्यता मनात धरून दुर्बिणीची तपासणी तातडीने करावी. आम्लपित्तावरील औषधांनी महिनाभर वाट पाहणे येथे घातक ठरते. रुग्ण कंठाकडे बोट दाखवतो म्हणून अडथळा तेथेच असेल, असेही धरू नये. अन्ननलिकेच्या तळाचा विकारही गळ्याशी जाणवतो.

घट्ट व पातळ दोन्ही सुरुवातीपासून अडकत असतील, तर दोष बहुधा स्नायूंच्या हालचालीत असतो. ‘अकलेशिया’मध्ये खालची झडप सैल होत नाही. १६७४ साली थॉमस विलिस यांनी देवमाशाच्या तोंडातील लवचिक पट्टीला स्पंज बांधून तो मार्ग उघडला होता. हेलर यांची शस्त्रक्रिया १९१३ ची. २००८ मध्ये जपानमध्ये इनोऊ यांनी दुर्बिणीतूनच तो स्नायू छेदला. फुगा घालून मार्ग रुंद करण्याचा उपायही आहेच.

रक्तक्षय असलेल्या स्त्रीच्या घशाखाली पातळ पडदा तयार होऊन घास अडकतो, हेही स्मरणात असावे. लोह द्यावे, गरज पडल्यास मार्ग रुंद करावा. मात्र पुढे कर्करोगाचा धोका असल्याने तिला नजरेआड करू नये. डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवे होणाऱ्यास अन्ननलिकेत व्रण होतो. हा आजार बराचसा आपल्याच चिठ्ठीतून येतो. जेवताना काही न अडकता एरवी घशात गोळा जाणवणे ही निराळी तक्रार.

पक्षाघाताच्या रुग्णाची गोष्ट अगदी वेगळी. घरची मंडळी प्रेमापोटी लगेच चमच्याने पाणी पाजतात आणि ते श्वासनलिकेत उतरते. ठसका लागतोच असे नाही. आवाज ओलसर, घरघरता होणे एवढीच खूण कधी मिळते. गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडाने काहीही देऊ नये, औषधाची गोळीसुद्धा नाही. चाचणीनंतर परवानगी मिळाली, की रुग्णाला सरळ बसवून, लहान घास देत, पहिला उतरल्यावरच दुसरा द्यावा. तोंडात अन्न उरले नाही ना हे पाहावे, दात स्वच्छ करावेत आणि निदान अर्धा तास तरी त्याला आडवे करू नये.