पेढ्यांचा डबा आणि राजीनामा

डिप्लोमाची मार्कशीट आणि पेढ्यांचा डबा घेऊन तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला, तेव्हा सेकंड शिफ्ट सुरू व्हायला दहाच मिनिटं होती. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी एचआर सांभाळत होते. हा आमचा सीएनसी ऑपरेटर, आयटीआय करून लागलेला. नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या कॉलेजात त्यानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता. फी कंपनीची, बदल्यात ठरावीक काळ नोकरीचा बॉण्ड.

"मॅडम, आता पुढे काय?"

मी अभिनंदन केलं, मार्कशीटची झेरॉक्स त्याच्या फायलीला लावली आणि म्हटलं, "बघू या." तो परत त्याच मशीनवर गेला. चार महिन्यांनी राजीनामा आला. बॉण्डचे उरलेले पैसे तळेगावच्या नव्या कंपनीनं भरले.

मीटिंगमध्ये सगळ्यांचा सूर एकच: शिकवलं की माणसं पळतात, बॉण्ड वाढवा. मीही मान डोलावली. नंतर फायली काढून बसले. फी घेऊन शिकून सोडून गेलेल्यांपैकी एकाचंही पद, ग्रेड किंवा काम शिक्षणानंतर बदललेलं नव्हतं. त्या शिक्षणाचं कंपनीला काय करायचंय, हे कुणी ठरवलंच नव्हतं. ते विचारणं माझं काम होतं.

बॉण्डवर भिस्त ठेवू नका. तो बेकायदा नाही; तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये ही विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये मान्य केली. पण १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईचंच बोलतं, त्यामुळे मनाला येईल तो आकडा लिहून उपयोग नाही. आणि आमचे पैसे तर परत आलेच होते. बसलेला हात गेला, तो कुठून आणणार?

फी देताना 'पास झाल्यावर पावती आणा' हा नियम आधी काढा. कामगाराला पैसे लागतात ते अॅडमिशनच्या दिवशी. मग तो पतसंस्थेचं कर्ज काढतो, नाहीतर शिकायचा विचारच सोडतो. फी थेट कॉलेजला, सत्रागणिक भरा. त्याची फर्स्ट शिफ्ट लेखी ठरवा. सुपरवायझरनं ऐनवेळी ओव्हरटाइमला थांबवलं की कॉलेजातली हजेरी बुडते.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आपल्याच लाइनवरचा घ्यायला सांगा. एवढी एक गोष्ट केलीत तरी फीचं चीज होतं. आमच्या एका मुलानं टूलचं पातं (इन्सर्ट) किती पीसनंतर बदललं, त्या वेळी भोकाचं (बोअरचं) माप काय होतं, याच्या नोंदी वहीत सहा महिने ठेवल्या. बोअर अंडरसाइज येतं म्हणून रोज वाद व्हायचे. ते नेमकं कधी बिघडायला लागतं, हे त्या तेलकट वहीत आम्हाला पहिल्यांदा दिसलं. तो आता प्रोसेस इंजिनिअरिंगला आहे.

आता फीच्या अर्जावर पहिला रकाना विभागप्रमुखाचा असतो: हा पास झाल्यावर कोणतं काम करेल, कोणत्या ग्रेडवर? रकाना कोरा असेल तर अर्ज मी मंजूर करत नाही, नाकारतही नाही. तो हातात घेऊन शॉप फ्लोअरवर जाते आणि उत्तर मिळेपर्यंत तिथे थांबते.