सातपुडा आणि तापीकाठ : खानदेशच्या हवामानाची दोन रूपे

खानदेश म्हणजे कडक ऊन, असा सर्वसाधारण समज आहे. तो तापीकाठापुरता खरा आहे. जळगाव, भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो. मात्र पूर्वी धुळे जिल्ह्यात असलेले व १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात समाविष्ट झालेले तोरणमाळ त्याच वेळी सुखद असते. हिवाळ्यात सातपुड्यातील डाब परिसरात तर काही वर्षी दवबिंदू गोठतात.

उंचीचा परिणाम

जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटर, तर तोरणमाळ अकराशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. दर हजार मीटर उंचीमागे तापमान साधारणतः साडेसहा अंशांनी घटते. या एका कारणाने दोन्ही ठिकाणांत सुमारे सहा अंशांचा फरक पडतो.

पर्जन्यछाया

नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्री ओलांडताना आपले बरेचसे बाष्प तेथेच सोडतात. त्यामुळे साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाला पाऊस चांगला, तर पूर्वेकडील शिंदखेडा तालुका अवर्षणप्रवण, असे चित्र दिसते. अक्कलकुवा, अक्राणीच्या डोंगरांत वारे पुन्हा वर चढतात व पाऊस वाढतो. तरीही खानदेश वाळवंट नव्हे. जैसलमेरला वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. धुळ्याला त्याच्या दुपटीहून अधिक होतो. परंतु उन्हाळ्यात जमिनीत ओल उरत नाही. बाष्पीभवनात खर्च व्हावयाची उष्णता मग हवाच तापविते. केळीच्या बागांभोवती शेवरी लावण्याची पद्धत उष्ण वाऱ्यापासून संरक्षणासाठीच होय.

डोंगराचे पाणी, मैदानाची शेती

ही दोन हवामाने परस्परांपासून अलग नाहीत. सातपुड्यातून उतरणाऱ्या सुकी, मोर, अनेर या नद्यांनी पायथ्याशी दगडगोटे व वाळूचे जाड थर पसरविले आहेत. या पट्ट्यास ‘बझाडा’ म्हणतात. डोंगरावरील पावसाचे पाणी येथे मुरते आणि रावेर, यावल, चोपडा तालुक्यांतील विहिरींना मिळते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. तिचा मोठा आधार हाच साठा आहे. मात्र उपसा पुनर्भरणाहून अधिक झाल्याने पाण्याची पातळी खोल गेली आहे. तापी महापुनर्भरण प्रकल्पासाठी महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये करार झाला, तो याच कारणास्तव.

मोठ्या प्रकल्पास गावपातळीवरील कामाची जोड हवी. साक्री तालुक्यातील बारीपाड्याच्या ग्रामस्थांनी जंगल राखून हे सिद्ध केले आहे. ग्रामपंचायतींनी पायथ्याचे नाले व वनाच्छादन जपावे, शाळांनी पर्जन्यमापकाच्या नोंदी ठेवाव्यात. डोंगरावरील झाड तुटले, तर त्याची झळ मैदानातील विहिरीस लागल्याशिवाय राहत नाही.